तीन बाजू उघड्या

परसात सुतारकामासाठी शेड घालायची ठरली, तेव्हा छपरावर फारशी चर्चा झालीच नाही. कौलं असणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. वाद झाला तो भिंतींवरून. गवंडी म्हणाला, चारही बाजूंनी चिरा लावू, पुढे शटर बसवू, कुलूप लागलं की हत्यारांची काळजी नाही. शेजाऱ्यांचं म्हणणं, एवढा खर्च करताच आहात तर सरळ खोली काढा, उद्या भाड्याने तरी जाईल. आमचे सुतार मेस्त्री विहिरीच्या कठड्यावर बसून ऐकत होते. सगळ्यांचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "भिंत एकच घाला. दर्याच्या अंगाला."

रत्नागिरीच्या या पट्ट्यात दर्याचं अंग म्हणजे पश्चिम. मेस्त्रींच्या त्या वाक्यात शेडचा सगळा आराखडा होता, आणि हातानं काम करणाऱ्या माणसाला कशी जागा लागते याविषयीचा एक विचारही होता. तीन बाजू उघड्या असल्या की पैसे संपले म्हणून बांधकाम अर्धवट सोडलं असावं, असं आपल्याकडे सहज समजलं जातं. मला अशी वास्तू पूर्ण वाटते. चार भिंतींच्या खोलीपेक्षा तिला जास्त विचार लागतो, कारण इथे कोणती बाजू कशासाठी उघडी ठेवली याचं उत्तर तयार असावं लागतं.

पाली जातकांत अलीनचित्त जातक नावाची कथा आहे. वाराणसीपासून जवळ सुतारांचं एक गाव. तिथले पाचशे सुतार होड्यांतून नदीच्या वरच्या अंगाला जात, रानात शिरत, तिथेच घरांची लाकडं तासून एकमजली-दुमजली सांगाडे तयार करत. खांबापासून सुरुवात करून प्रत्येक लाकडावर खूण करत, सगळं नदीकाठी आणून होडीत भरत, आणि परतल्यावर ज्याला जसं घर हवं तसं उभं करून देत. कथेला पुढे एका हत्तीकडे जायचं आहे, त्यामुळे ती इथे थांबत नाही. मी मात्र इथे थांबतो. दुसऱ्यांची घरं बांधणाऱ्या या पाचशे जणांना स्वतःच्या कामासाठी घर लागलं नाही. लाकूड होतं तिथेच काम होतं. डोक्यावर झाडाची सावली होती आणि कुठला तुकडा कुठे बसणार याची स्मृती लाकडावरच्या खुणांमध्ये होती.

कोकणात ही मोकळीक वर्षातले आठच महिने मिळते. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणून इथल्या सुताराला छप्पर लागतं. छप्पर आलं की खांब आले, आणि खांब आले की छपराचा रेटा आला. उतरत्या पाखांचं ओझं खांबांना नुसतं खाली दाबत नाही, ते त्यांना बाहेरही ढकलतं. हे ज्यांना दोन हजार वर्षांपूर्वी पक्कं ठाऊक होतं त्यांची खूण पाहायची तर मळवलीजवळच्या भाजे लेण्यात जावं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या तिथल्या चैत्यगृहाचे खांब सरळ उभे नाहीत. वरच्या अंगाला ते आत कललेले आहेत. लाकडी मंडपात खांब असे आत कलवून उभे केले की ते छपराचा रेटा पेलतात. भाज्यात तर सगळा डोंगर अखंड. तिथे रेटा कुठला? तरीही कोरणाऱ्यांनी खांब कलते ठेवले, कारण त्यांच्या डोळ्यांना मंडप तसाच माहीत होता. छताखाली खऱ्या लाकडाच्या कमानी बसवल्या, त्यांतल्या बऱ्याच आजही जागेवर आहेत. आणि दर्शनी बाजूला दगडाची भिंत ठेवलीच नाही. तिथे लाकडी पडदा होता, तो काळाबरोबर गेला. आता पुढून पूर्ण उघडा असलेला तो मंडप समोरच्या खोऱ्याकडे पाहत उभा आहे.

कार्ल्याला जाताना आपण भव्यतेसाठी जातो, ते योग्यच आहे. पण तिथे दरवाजाजवळ कोरलेला एक छोटासा लेख आहे, त्याच्यापाशी मी जास्त वेळ उभा राहिलो आहे. धेनुकाकट नावाच्या गावचा सामी नावाचा सुतार, बापाचं नाव वेणुवास. घराचं मुख आपण केलं, एवढंच तो लेख सांगतो. त्या लेण्यात दान देणाऱ्या व्यापाऱ्यांची आणि यवनांची नावं आहेत, वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचंही आहे. त्या सगळ्यांच्या बरोबरीने एक सुतार स्वतःचं आणि बापाचं नाव दगडावर ठेवतो आणि शेजारी आपलं काम लिहितो. ते काम आहे प्रवेशाची उघडी जागा. जिथून उजेड आत येतो आणि माणूस आत येतो ती जागा घडवायला हुन्नर लागतं, हे त्या माणसाला माहीत होतं. आपल्या परसातली शेड आणि कार्ल्याचं चैत्यगृह यांची तुलना करण्याचा प्रश्न नाही. पण उघडी बाजू ही केलेली वस्तू असते, उरलेली जागा नसते, हे मला त्या लेखापाशी नीट उमगलं.

आता उजेडाकडे येतो, कारण सुतारकामाच्या जागेत उजेडाइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. रंधा मारून झालेली फळी सपाट झाली की नाही हे हाताला कळतं, पण त्याआधी ते डोळ्याला कळतं, आणि डोळ्याला कळायला उजेड एका बाजूने, तिरपा पडावा लागतो. तिरप्या उजेडात फळीवरचा बारीकसा खळगासुद्धा सावली धरतो. उजेड चहूकडून सारखा आला तर सावल्या एकमेकींना पुसतात आणि खडबडीत फळीही गुळगुळीत भासते. म्हणजे चारही बाजू उघड्या ठेवणं सुताराच्या सोयीचं नाही. एक बाजू बंद हवी, म्हणजे उजेडाला दिशा येते. मेस्त्रींच्या एका भिंतीचं हे पहिलं कारण.

दुसरं कारण पाऊस. आपल्याकडचा मोसमी पाऊस नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो आणि वारा असला की तो सरळ पडत नाही, आडवा येतो. ही झड वळचण कितीही पुढे काढली तरी अडत नाही. तिसरं कारण ऊन. मध्यान्हीचं ऊन छप्पर अडवतं, पण दुपारी चारनंतरचा सूर्य वळचणीच्या खालून डोळ्यांत शिरतो. पाऊस आणि परतीचं ऊन, दोघांची वाट एकच असावी ही कोकणातल्या बांधणाऱ्यावरची मोठीच कृपा म्हणायची. एका भिंतीत दोन्ही अडतात.

उरलेल्या उघड्या बाजूंपैकी उत्तरेचं थोडं सविस्तर सांगायला हवं. चित्रकारांच्या स्टुडिओला उत्तरेचा उजेड हवा, हा युरोपातला जुना नियम. उत्तरेकडून तिथे थेट ऊन जवळजवळ येत नाही, म्हणून उजेड दिवसभर स्थिर राहतो. हा नियम आपण पुस्तकातून उचलतो आणि आपल्या अक्षांशाचा विचार करत नाही. रत्नागिरी सतरा अंशांवर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य मध्यान्ही इथे बरोबर डोक्यावर येतो, तिथून पुढे तो उत्तरेला सरकतो आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा डोक्यावरून दक्षिणेला जातो. म्हणजे या तीन महिन्यांत भरदुपारी ऊन उत्तरेकडून येतं. मात्र तेव्हा सूर्य इतका उंच असतो, २१ जूनलाही क्षितिजापासून सुमारे ८३ अंशांवर, की दीड-दोन फुटांची वळचण त्याला सहज थोपवते. दक्षिणेचं उलट आहे. डिसेंबरच्या शेवटी मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला पन्नास अंशांच्या आसपास असतो. वळचण सात फुटांवर असेल तर ऊन जमिनीवर तिच्या खालून सहा फूट आत येतं. थंडीत ते नकोसं वाटत नाही, पण तिथे ओलं लाकूड रचून ठेवलं तर त्याची एक बाजू लवकर सुकते आणि फळी पिळते. म्हणून लाकडाची रास पश्चिमेच्या भिंतीला, काम करायचं टेबल उत्तरेच्या कडेला, आणि दक्षिणेची कड मोकळी, असं ठरलं. मोकळी ठेवलेली ती जागा पुढे कोणाची झाली ते सांगेनच.

लाकडाला हवा किती लागते, हेही भिंतींचा हिशेब करताना पाहावं लागतं. लाकूड तोडल्यावरही हवेशी देणंघेणं चालू ठेवतं. वैशाखात ते ओल सोडतं, श्रावणात पुन्हा घेतं. लांबीत त्याने फरक पडत नाही म्हटलं तरी चालेल, पण रुंदीत पडतो. सागासारख्या शहाण्या लाकडाचीही फूटभर रुंद फळी उन्हाळा ते पावसाळा तीनेक मिलिमीटर फुगू शकते. बंद खोलीत ठेवलेलं लाकूड त्या खोलीच्या हवेला सरावतं आणि घरात नेल्यावर पुन्हा हलतं. उघड्या छपराखाली ठेवलेलं लाकूड इथल्या ऋतूंनाच सरावतं. इथल्या घरांतल्या जुन्या दरवाजांच्या तावदानांना खाचेत हलायला जागा ठेवलेली असते. ती ठेवणाऱ्या सुताराने पाऊस लाकडात जाताना पाहिलेला असतो.

पुद्दुचेरीला अरविंद आश्रमाचं गोलकोंड नावाचं निवासस्थान आहे. आंतोनिन रेमंड यांनी ते रचलं आणि प्रत्यक्ष जागेवर काम पाहायला त्यांचे तरुण सहकारी जॉर्ज नाकाशिमा १९३७च्या सुमारास तिथे आले. पुढे अमेरिकेत लाकूडकामासाठी ज्यांचं नाव झालं तेच हे नाकाशिमा. त्या इमारतीच्या लांब बाजूंना भिंती नाहीत, फिरवता येणाऱ्या आडव्या झडपा आहेत. वारा हवा असेल तेव्हा उघडायच्या, पावसात मिटायच्या. अभ्यासक त्याला भारतातल्या आधुनिक वास्तुकलेचा आरंभ म्हणतात, आणि ते पटतं. आमच्या भागात पडवीला पावसाळ्यात माडाच्या झापांची झडी बांधतात आणि भाद्रपद सरला की सोडतात. भिंत ऋतूपुरती असावी हा विचार दोन्हीकडे एकच आहे. एकाला सिमेंट मिळालं, दुसऱ्याला सुंभ.

आमच्या परसात छप्पर घालायची गोष्ट निघाली तेव्हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आईने विचारला. "तुझं लाकूड तिथे गेलं की माझी आमसुलं कुठे जायची?"

मी परसाकडे रिकामी जागा म्हणून पाहत होतो. ती कधीच रिकामी नव्हती. कोकणातल्या घराची पुढची बाजू, खळं आणि ओटी, येणाऱ्याजाणाऱ्यांची आणि पुरुषांची. मागची पडवी आणि परस बायकांचं. तिथे चुलाणावर भात उकडला जातो, वाल भिजतात, फणसाची साठं घातली जातात, काजू भाजले जातात. कोकमाच्या साली मिठाच्या रसात बुडवायच्या, उन्हात घालायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा घालायच्या; आमसूल काळं आणि मऊ होईपर्यंत हे चालतं, आणि ते चालतं नेमकं एप्रिल-मेमध्ये, जेव्हा वळवाची सर केव्हा येईल याचा भरवसा नसतो. सर आली की पाटे, सुपं, चटया उचलून आत धावायचं. हे काम आहे, त्याला हत्यारं आहेत, हंगाम आहे, बिघडलं तर वर्षाचं नुकसान आहे. शिकवणारीने शिकवलं आणि शिकणारीने पाहून उचललं, अशी त्याची परंपरा आहे. छपराखालची, उघड्या अंगाची कार्यशाळा आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होती. तिला आम्ही कधी कारागिराची जागा म्हटलं नाही, कारण तिथे आजी होती.

हे कळल्यावर आराखडा बदलला. दक्षिणेची कड आईची झाली. त्या बाजूला वळचण तीन फूट पुढे काढली, आणि जोत्याच्या कडेवर सरकवता येतील अशा फळ्या बसवल्या. ऊन असताना त्या बाहेर ओढायच्या, सर आली की एका हाताने आत ढकलायच्या. मेस्त्रींनी या सरकत्या फळ्यांसाठी माझ्या टेबलापेक्षा जास्त वेळ दिला, आणि मला ते रास्त वाटलं.

बांधकामाचं सगळं सांगत बसत नाही. जोतं दीड फूट, जांभ्याचं. पागोळ्या जोत्यापासून हातभर पलीकडे पडाव्यात म्हणून वळचणीचं माप आधी आणि जोत्याचं नंतर. खांब किंजळीचे, आणि ते जमिनीत पुरलेले नाहीत. वाळवी आणि ओल दोन्ही खालून येतात, म्हणून प्रत्येक खांबाखाली दगडी तळखडा. जमीन सारवलेली ठेवली, कोबा केला नाही. पटाशी हातातून सुटली तर मातीवर पडते, धार राहते.

कौलं मात्र जुनी मिळाली, एका मोडलेल्या घराची. मंगळुरी कौलाचा प्रवास मोठा लांबचा आहे. एकमेकांत अडकणारी खोबणीची कौलं फ्रान्सच्या आल्सास भागातल्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये काढली. बासल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना सुरू केला आणि तिथून ती पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पसरली. त्याआधी आमच्याकडे कुंभाराची नळीची कौलं होती, माकडं आणि वारा ती हलवत, आणि दर उन्हाळ्यात छप्पर शाकारावं लागे. आज आपण मंगळुरी कौलाला कोकणचं पारंपरिक छप्पर म्हणतो. बाहेरून आलेली वस्तू आपल्या पावसात दीडशे वर्षं टिकली की ती आपली होते, यावर माझा विश्वास आहे.

एक कौल सव्वादोन-अडीच किलोचं, चौरस मीटरला पंधराएक कौलं. सोळा बाय बारा फुटांच्या शेडवर, वळचणी धरून, टनभर ओझं होतं. ते पेलायचं वाशांनी. मेस्त्रींनी एकेक वासा दोन ठोकळ्यांवर ठेवला, एका टोकाशी उकिडवे बसले, एक डोळा मिटला आणि लाकडाच्या कडेवरून दुसऱ्या टोकापर्यंत नजर नेली. मग वासा अर्धा फिरवून पुन्हा पाहिलं. तसं पाहिलं तर वासा मला सरळच दिसत होता. त्यांनी खडूने एका अंगावर फुली मारली आणि म्हणाले, "ही पाठ. ही आभाळाकडे जायची." प्रत्येक लाकडात थोडा बाक असतो. बाकाची पाठ वर ठेवली तर कौलांचं ओझं त्याला सरळ करू पाहतं. खाली ठेवली तर तेच ओझं वर्षानुवर्षं झोळ वाढवत नेतं. सगळ्या वाशांवर अशा फुल्या झाल्यावर ते आढ्यावर चढले. मला जातकातल्या त्या खुणा आठवल्या, नदीकाठी होडीत भरायच्या आधी लाकडावर केलेल्या.

वाऱ्याचा विचार वेगळा करावा लागला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या आणि घरांचे पत्रे दूरवर जाऊन पडले. पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. छपराचं ओझं खाली असतं हे आपण जाणतो, पण वादळात छपराला वर उचलणारं बळ त्याहून घातक ठरतं. तीन बाजू उघड्या आणि एक बंद, अशा शेडला हा धोका जास्त आहे. पूर्वेकडून वारा आत शिरला तर पश्चिमेच्या भिंतीवर आपटून त्याला वरच जावं लागतं. त्यावर दोन उपाय केले. पश्चिमेची भिंत तुळईपर्यंत नेली नाही, वर फूटभर जाळी सोडली, म्हणजे वाऱ्याला निसटायला वाट राहिली. आणि प्रत्येक वासा तुळईला, तुळई खांबाला, खांब तळखड्यातल्या सळीला लोखंडी पट्टीने बांधला. मंगळुरी कौलांच्या फटींतून थोडी हवा जाते, हाही फायदा. अखंड पत्र्याला ते जमत नाही. शिवाय पत्र्याखाली पावसाचा आवाज इतका असतो की रंध्याची पाती लाकूड कापते आहे की ओरबाडते आहे हे ऐकूच येत नाही. सुतार बऱ्याच गोष्टी कानांनी करतो.

देशावरच्या गावांत सुतारमेट नावाची जागा असे. झाडाखाली नाहीतर पडक्या छपराखाली, चावडीपासून फार लांब नाही. पेरणीआधी तिथे कुळव, तिफण, नांगर दुरुस्तीला येत, बाभळीचं लाकूड तासलं जाई, आणि वाट पाहणारे शेतकरी बसून बोलत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गाव-गाडा' १९१५ मध्ये लिहिलं. त्यांनी मांडलेल्या बलुत्याच्या व्यवस्थेत सुताराची जागा पहिल्या ओळीतली आहे, कारण त्याच्यावाचून शेत उभं राहत नसे. मेट उघडं असल्यामुळे गावातल्या प्रत्येक पोराने नांगर कसा भरतात ते पाहिलेलं असे. सगळे सुतार होत नसत, पण चांगलं काम कोणतं हे सगळ्यांना कळे.

या उघडेपणाचं मी नुसतं गुणगान करणार नाही. उघड्यावर बसलेल्या कारागिराला नाही म्हणता येत नसे. हंगामात ज्याचं वजन जास्त त्याचं औत आधी, आणि धान्य हातात पडायचं ते सुगी झाल्यावर, देणाऱ्याच्या मर्जीने. मेटावर कोणी बसायचं आणि कोणी लांब उभं राहायचं, हे जातीने ठरवलेलं होतं. बायका तिथे नव्हत्याच. भिंत नसली म्हणजे जागा सगळ्यांची होते, असं नाही. ती सगळ्यांची करायची तर तीही ठरवून करावी लागते.

तरीही बंद शटरमागचं काम पाहिलं की मला काहीतरी गमावल्यासारखं वाटतं. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडाची फळं आणि खेळणी रस्त्याच्या तोंडाशीच रंगवली जात. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा रंगवणारे कलाकार दरबाराच्या दालनात बसतात आणि पाहायला येणारा त्यांच्या कुंचल्याजवळ उभा राहू शकतो. वस्तू विकत घेणाऱ्याला ती होताना दिसली की किंमत समजते. आणि मुलांना दिसली की हाताला खाज सुटते. आमच्या शेडचे वासे चढले त्याच आठवड्यात शेजारची आठ-नऊ वर्षांची मुलगी जोत्याच्या कडेवर येऊन बसू लागली. आधी तिला रंध्याच्या सालपटांच्या कुरळ्या गुंडाळ्या हव्या होत्या. मग एकदा मेस्त्रींनी तिच्या हातात गुण्या दिला. "हां बाय, हा कडेला टेकव. आता वाकून बघ. मधून उजेड दिसतो काय?"

तिने डोळा मिटून पाहिलं. "इथे दिसतो. तिथे नाही."

"मग कुठे तासायचं?"

तिने बोट ठेवलं, ते बरोबर होतं. शटर असतं तर ती आतच आली नसती. आणि मागे माझी आई बसलेली असते म्हणून तिच्या घरचेही तिला बिनधास्त पाठवतात. दक्षिणेच्या कडेने उत्तरेच्या कडेसाठी केलेलं हे काम आराखड्यात नव्हतं.

बाजू उघड्या ठेवण्याचं आरोग्याचं एक कारण राहिलं. लाकडाच्या धुळीने नाकाचा कर्करोग होऊ शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये मान्य केलं आणि लाकडाच्या भुशाला तंबाखूच्याच वर्गात घातलं. छोट्या गावांतल्या फर्निचरच्या दुकानांत बंद गाळ्यात यंत्रं चालतात, पोरं तोंडाला रुमालही न बांधता उभी असतात, ट्यूबलाइटभोवती धूळ तरंगत असते. वारा वाहती जागा हा त्यावरचा पूर्ण उपाय नाही. मशीन चालू असताना मास्क लागतोच. पण तो पहिला आणि फुकटचा उपाय आहे. सरकारी योजनेतून कारागिरांना यंत्रं मिळतात, ते चांगलंच आहे. त्याबरोबर हवेशीर छप्परही द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

अथर्ववेदाच्या नवव्या कांडातलं तिसरं सूक्त शालेला, म्हणजे बांधलेल्या घराला, उद्देशून आहे. घरासाठी मंत्र असणं नवल नाही. नवल हे की हे सूक्त घराच्या गाठी सोडण्याविषयी आहे. टेकू, आधाराची लाकडं, बांबू, दोर, गवताचे पेंढे असं एकेका भागाचं नाव घेत त्याचं बंधन सैल केलं जातं. दोन पक्षांच्या, म्हणजे बाजूंच्या, चार पक्षांच्या, दहा पक्षांपर्यंतच्या शालांचा त्यात उल्लेख आहे. घर दान द्यायचं आहे, ते दुसरीकडे न्यायचं आहे, म्हणून ते उकलायचं. इतक्या जुन्या काळी घराची अशी कल्पना होती की ते सोडता येतं, आणि सोडताना त्याच्या प्रत्येक गाठीची आठवण ठेवावी लागते. कोकणात खळ्यात पोफळीच्या खांबांवर झापांचा मांडव दिवाळीनंतर घालतात आणि मृगाआधी काढतात, त्यामागे हीच समज टिकून आहे. गाठ मारताना ती सोडणाराही डोळ्यांसमोर असतो.

मेस्त्रींनी आमच्या शेडमध्ये दक्षिणेच्या बाजूला खिळे वापरले नाहीत. तिथले वासे बोल्टने बांधले आहेत. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "आई ती बाजू वाढवायला सांगणार." यंदाच्या आमसुलांच्या हंगामानंतर आईने खरंच सांगितलं. वळचण आणखी दोन फूट पुढे हवी आणि फळ्यांची एक रांग जास्त. दक्षिणेचं पाख पुढे काढायला खालचा टोकाचा खांब सरकवावा लागेल, तळखडा नवा लागेल, आणि ऐनाचे चार वासे. लाकूड सांगून ठेवलं आहे. मेस्त्री दसऱ्यानंतर येतो म्हणालेत.